बिल्कुल ठीक हूँ, साहब

गुरुग्रामच्या हॉस्पिटलात ह्यांच्या मानेतल्या नळीतून सलाईन सुरू झालं आणि ह्यांचा दम वाढतच गेला. "सुहास, आडवं पडवत नाही गं," हे माझ्या कानाशी कुजबुजले. पण डॉक्टर राउंडला येताच ताठ बसून म्हणाले, "बिल्कुल ठीक हूँ, साहब." उभी सरकारी नोकरी ह्यांनी साहेबांपुढे ह्याच एका वाक्यावर काढली!

मी पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत राहिले. परत आत आले तर बाटली अर्धी झालेली आणि ह्यांचे ओठ निळसर. माझं डोकंच फिरलं. धावत जाऊन डॉक्टरांना लिफ्टपाशी गाठलं. "वो झूठ बोलते हैं! ये पानी जितना अंदर जाता है, उतनी साँस फूलती है!"

लगेच एक्सरे काढला. नळीचं टोक शिरेबाहेर गेलं होतं. सलाईन रक्तात न जाता फुप्फुसाभोवती साठत होतं. बरगड्यांमधून सुई घातली, तर बाटलीतलंच पाणी परत बाहेर आलं.

"अब कैसा लग रहा है?" डॉक्टरांनी वाकून विचारलं.

"बिल्कुल..." ह्यांनी सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा," मी दटावलं आणि डॉक्टरांकडे वळले. "इनसे नहीं, मुझसे पूछिए."