पोपटावर थोडा सांबार

रूपलाल पटल्यानं शेवटची तुराटी जमिनीत ठोकली, तिला दुलारीच्या जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधली आणि हात झटकत तो उभा राहिला.

"पाहून घे," तो बायकोला म्हणाला. "आता मुंगीले सांदवाडीत जायचं असन, तर तिले मले विचारून जा लागन."

दुलारी अंगणात तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता तिनं विचारलं, "अन् कोंबडीले?"

"कोंबडीच्या तर सपनातबी सांदवाडी येत नाही आता."

"मंग मेथीत ते काय हाय?"

मेथीत काळी तलंग होती. ती एकटी नव्हती. रूपलाल पहाटेपासून सांदवाडीला, म्हणजे घरामागच्या भाजीच्या वाडीला, बाहेरून कुंपण घालत होता, तेव्हा घरच्या साऱ्या कोंबड्या आत बसून त्याचं काम बघत होत्या. कुंपण इतकं पक्कं झालं होतं, की आता त्यांना बाहेर पडता येईना. मग बाकी काही उद्योग नाही म्हणून त्यांनी मेथी संपवून टमाटरांना हात घातला होता.

"हेमेंद्र!" रूपलाल ओरडला. "पळ बे!"

बापलेक आत शिरले. त्यासाठी कुंपण एका ठिकाणी मोडावं लागलं. कोंबड्या ते भोक सोडून बाकी सगळीकडे धावल्या. वांगी आडवी झाली, पालक चिखलात गेला आणि लाल कोंबडा घाबरून उडाला तो थेट स्वयंपाकघरात, दह्याच्या गंजावर.

दुलारी आत जाऊन पाहून आली.

"दही गेलं," ती म्हणाली. "कोंबडा बरा हाय."

एरवी रूपलाल हसला असता. पण आज पाहुणे येणार होते. पुण्यात नोकरी करणाऱ्या हेमेंद्रनं तिकडंच मुलगी पसंत केली होती. केतकी घोरपडे, साताऱ्याची. जात वेगळी, जिल्हा वेगळा, आणि बाप फॉरेस्टातला रिटायर रेंजर. बाबांच्या मनाविरुद्ध काही करणार नाही, असं मुलीनं आधीच सांगितलेलं. बाबा आज घर बघायला येत होते. आणि रूपलालनं त्यांना फोनवर सांगून ठेवलं होतं, 'आमच्याकडं विकतचं फक्त मीठ येते जी. बाकी सारं सांदवाडीतलं.'

हेमेंद्रला दही आणायला सालेकशाला पिटाळलं. त्याची मोटारसायकल वळणावर दिसेनाशी झाली आणि दुसरीकडून पाहुण्यांची गाडी आली.

घोरपडे ताठ कण्याचे, कमी बोलणारे निघाले. बुटांना पॉलिश. फाटकातूनच त्यांनी बांधावरचा मोह ओळखला, पळस ओळखला, मग रूपलालला नमस्कार केला. केतकी मात्र येताच दुलारीच्या पाया पडली आणि दारातल्या पिल्लांजवळ उकिडवी बसली. पोरगी बरी दिसते, रूपलालला वाटलं. पण साताऱ्याची पोर आपल्या घरात रमणार कशी? आपण काय बोलतो ते तरी तिला कळेल का?

"तुमची ती परसबाग बघू या, पटलेसाहेब," घोरपडे म्हणाले. "फार ऐकलंय."

आडवी वांगी आठवत रूपलाल पुढं निघाला.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे. गोंदियाकडं वालाच्या शेंगांना पोपट म्हणतात आणि कोथिंबिरीला सांबार. घोरपड्यांना हे माहीत नव्हतं. त्यांना हे माहीत नाही, हे रूपलालला माहीत नव्हतं.

"इथं काय होतं?" घोरपड्यांनी उजाड वाफ्याकडं बोट केलं.

"मेथी होती जी."

"आणि तिकडं?"

"पोपट."

घोरपडे थांबले. "पोपट?"

"लय होते! खालचे सकाळी कोंबड्यांनी खाल्ले."

"कोंबड्यांनी पोपट खाल्ले?"

"सोडते का मंग? कवळे दिसले का टोच मारतेत. वरचे कालच आम्ही तोडले, म्हणून वाचले. तुमच्यासाठीच. हिनं बसून सोलले सारे."

घोरपड्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नोकरीत असताना पिंजऱ्यातून पोपट विकणाऱ्यांना त्यांनी बाजाराबाजारातून पळवलं होतं. पण सोलणारे त्यांना कधी भेटले नव्हते.

मागून केतकीला एकदम खोकला आला. तिनं ओढणी तोंडात कोंबली.

"सांबारबी होता," रूपलाल हळहळत म्हणाला. "त्या न्हाणीच्या पाण्याजवळ, शेणखड्ड्याच्या अलीकडं."

"सांबर? घराच्या मागं?"

"बारा महिने. गरमीत जरा मान टाकते."

"आणि तुम्ही त्याला…"

"कापतो. पण जीव नाही घेत जी त्याचा. वरून वरून कापाचा, मंग तो पुन्हा फुटते."

"शिंगं," घोरपडे पुटपुटले.

"बाजारात तं त्याले काही किंमतच नाही. मिरचीसंग फुकट टाकतेत पिशवीत."

घोरपडे बाजूच्या दगडावर बसले. केतकीचा खोकला आता इतका वाढला होता की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाई वो, पोरीले थंडी बाधली," म्हणत दुलारी तिला घरात घेऊन गेली आणि तुळस, आलं, मिरं घालून काढा उकळू लागली. काढा कडू होता. केतकी तो मुकाट्यानं प्यायली.

ताटं वाढली. दुलारीनं चुलीवरचं भांडं आणायच्या आधीच घोरपडे पाटावरून उठले.

"पटलेसाहेब, मला माफ करा. मी जेवणार नाही."

रूपलालच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

"काऊन जी?"

"सगळी नोकरी माझी जंगल राखण्यात गेली. सोयरिकीचं आपण नंतर बोलू. पण या ताटावर मला बसवणार नाही."

जंगलाचा इथं काय संबंध, ते रूपलालला समजलं नाही. त्याला एवढंच समजलं की माणसानं उजाड वाडी पाहिली आणि मन फिरलं. फोनवर फुशारकी मारणारा, साधं कुंपण न जमणारा बाप. अशा घरात पोरगी कोण देणार?

"साहेब," तो म्हणाला. "कुंपण म्याच घातलं. कोंबड्या आत राह्यल्या, ते माह्या ध्यानात नाही आलं. चूक माही हाय. पोराचा काही दोष नाही त्यात. त्याले तं कुंपणातलं काहीच नाही समजत."

दुलारी भांडं घेऊन दारात उभी राहिली. बाहेर लाल कोंबडा आरवला, तो अर्ध्यातच थांबला.

"आई," केतकी आपलं ताट पुढं करत म्हणाली, "मले वाढा न पोपट. अन् वरून सांबार टाकजा जरा जास्त. भूक लागून राह्यली."

दुलारीनं वाढलं.

घोरपडे वाकून मुलीच्या ताटात बघू लागले. मग पुन्हा पाटावर बसले आणि जवळून बघू लागले. एक दाणा उचलून त्यांनी तोंडात टाकला.

"हा पावटा आहे," ते म्हणाले.

"नाही जी, पोपट," रूपलाल म्हणाला. पावटा काय असतो ते त्याला ठाऊक नव्हतं.

"आणि ही कोथिंबीर."

"सांबार."

घोरपडे मुलीकडं वळले.

"केतकी, तुला खोकला झाला होता ना?"

"बरा झाला, बाबा," केतकी घास घेत म्हणाली. "काढ्यानं."

रूपलाल एकदा पोरीकडं बघे, एकदा तिच्या बापाकडं. त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत गेला. या पोरीला पहिल्यापासून सगळं कळत होतं. हेमेंद्रनं शिकवलं असेल. आणि तरी, स्वतःचं लग्न टांगणीला लागलेलं असताना, ती ओढणी तोंडात कोंबून मजा बघत बसली होती. अशी सून आली तर आपलं म्हातारपण काही शांततेत जायचं नाही, हे त्याला स्पष्ट दिसलं, आणि त्याला इतका आनंद झाला की त्यानं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतायच्या ऐवजी आपल्याच भातात ओतलं.

घोरपड्यांनी पोपट तीनदा घेतला. चौथ्यांदा नको म्हणाले, ते भांड्यात तळ पाहून.

"पुढचा पोपट कधी निघतो, इवाई?" हात धुता धुता त्यांनी विचारलं. इवाई म्हणजे व्याही, हा शब्द लेकीनं त्यांच्या कानात नुकताच सांगितला होता.

"आता पुढच्या हिवाळ्यात जी."

"मग तोवर नका थांबवू पोरांना."

दुलारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत जाऊन देवापुढं साखर ठेवली.

घोरपड्यांनी लगेच साताऱ्याला बायकोला फोन लावला. खुशीत होते. "अगं, जमलं! काय सांगू, पोट भरून पोपट खाल्ला. वर सांबार!" पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. घोरपडे नुसते "अगं… अगं ऐक" करत राहिले. शेवटी फोन खाली करून ते म्हणाले, "तिला फोटो पाहिजे. त्याशिवाय विश्वास नाही म्हणते."

"त्यात काय!" रूपलाल म्हणाला. "मी काढतो. मले लय चांगला फोटो काढता येते."

सगळे मांडवावर उरलेल्या पोपटाच्या वेलाखाली उभे राहिले. तेवढ्यात हेमेंद्र दही घेऊन आला, त्यालाही मध्ये घेतलं. वेल फोटोत मावेना म्हणून रूपलाल मोबाईल धरून मागं सरला. तरी मावेना म्हणून अजून थोडा सरला.

फोटो चांगला आला. त्यात वेल पूर्ण दिसतो आणि सगळ्यांचे हात पुढं आहेत, तोंडं उघडी आहेत. मोबाईल पुसून तांदळाच्या डब्यात ठेवला. रूपलालला शेणखड्ड्यातून काढून विहिरीवर नेलं.