वराच्या रकान्यात

माझी बायको गेली पंचवीस वर्षं दुसऱ्याच माणसाची बायको आहे, आणि ते लग्न मीच लावलं, ही बातमी मला मंगळवारी सकाळी सव्वादहाला, आमच्या चर्चच्या, म्हणजे मंडळीच्या कार्यालयात, हातात चहाचा कप असताना कळली.

कार्यालय सांभाळणाऱ्या बाईंना आम्ही पाठीमागे शिक्केबाई म्हणतो. जुन्या विवाह-नोंदवह्या संगणकावर चढवायचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. "पाळकसाहेब, जरा बसा," त्या म्हणाल्या. शिक्केबाई कधी कोणाला बसा म्हणत नाहीत, कारण समोरच्या खुर्चीवर कायम फायली बसलेल्या असतात. त्यांनी स्वतः फायली उचलल्या तेव्हाच मी घाबरलो.

त्यांनी नोंदवही माझ्याकडे फिरवली. वधूच्या रकान्यात माझ्या बायकोची सही, तिच्या त्या काळच्या गोल अक्षरात. वराच्या रकान्यात आमचं लग्न लावणाऱ्या थोरल्या पाळकांची. आणि 'विवाह लावणारे पाळक' या रकान्यात, खाली दोन रेघा मारून, ऐटीत, माझी.

घडलं ते मला बसल्या जागी आठवलं. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि मदतनीस पाळक म्हणून नुकताच लागलो होतो. त्या शनिवारी दुपारपर्यंत मी दोन लग्नं लावली. तिसरं माझं स्वतःचं होतं. नोंदवही पुढ्यात आली आणि हात सवयीने जिथे जायचा तिथे गेला. थोरले पाळक चष्मा आतल्या खोलीत विसरले होते. जी जागा रिकामी दिसली तिथे त्यांनी सही केली. ते आजन्म अविवाहित. अविवाहित राहून सेवा केल्याबद्दल त्यांचा तीनदा सत्कार झाला आहे.

"खाडाखोड मात्र कुठेही नाही," शिक्केबाई म्हणाल्या. "नोंद स्वच्छ आहे."

"अहो, मग दुरुस्ती करून टाका."

"कलम अकरा."

कलम अकरा मीच आणलं होतं. नोंदीत चूक निघाल्यास दुरुस्ती नाही. नोंद रद्द, आणि लग्न पहिल्यापासून, म्हणजे विवाहपूर्व वर्ग, तीन रविवार जाहीर सूचना, सगळं. आठ वर्षांपूर्वी कार्यकारिणीसमोर मी या कलमाच्या बाजूने सव्वा तास बोललो होतो. एका सभासदाने विरोध केला तेव्हा त्याच्या हृदयपरिवर्तनासाठी प्रार्थनाही केली होती. ती फळाला आली होती.

घरी बायको जेवणाच्या टेबलावर पेपर तपासत होती. ती शाळेत गणित शिकवते. मी सगळं सांगितलं. आधी तिचे खांदे हलायला लागले, आणि मग ती इतकी हसली की लाल पेनाची रेघ एका विद्यार्थ्याच्या पेपरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. त्याला तिने भरपाई म्हणून दोन गुण दिले. मग डोळे पुसत म्हणाली, "अरे, म्हणजे आपलं लग्नच झालेलं नाही!"

'अरे' ऐकून मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"मला म्हणालीस?"

"मग कोणाला? 'अहो' नवऱ्याला म्हणतात. तू माझा कोण?"

लग्नाआधी आम्ही एकाच गायकवृंदात होतो आणि ती मला अरे-तुरेच करायची. ("अरे, तुझा सूर खाली पडलाय, उचल.") लग्नाच्या संध्याकाळी 'अहो' सुरू झालं, आणि वर्षभरात त्याचंही 'पाळक' झालं. दाराशी आलेल्याला ती सांगायची, "पाळक घरी नाहीत." पुढे पुढे मी घरात असतानाही सांगायची, आणि मला ते खटकायचं नाही. आईवडील गेल्यावर, थोरले पाळक सोडले तर, मला 'तू' म्हणणारं जगात कोणी उरलं नाही. मी रोज देवाला 'तू' म्हणतो, पण उलट्या दिशेने ऐकू यायची सोय नसते.

"उद्या शिक्केबाईंकडे जाऊ आणि नवा अर्ज भरू," मी म्हणालो.

"कसला अर्ज? मला मागणी कुठे आलीये?"

"अगं, आता काय मागणी!"

"घाल की. मग मी विचार करून सांगते."

"विचार कसला त्यात?"

"एकदा विचार न करता केलं," ती पुढचा पेपर ओढत म्हणाली, "तर ते हे असं निघालं."

मला वाटलं, थट्टा आहे. मुलीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि वकिली नेहमी आईचीच करते. "मग मी आता थोरल्या पाळकांना बाबा म्हणू?" तिने विचारलं. "माझा वाढदिवस त्यांच्या लक्षात असतो हं."

थोरले पाळक आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. कानात यंत्र असतं, पण ते चालू करायचं की नाही हे समोर कोण आहे ते पाहून ठरवतात. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. मी ओरडून ओरडून प्रकरण सांगितलं. शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. म्हणजे शेजाऱ्यांनाही कळलं.

थोरल्या पाळकांनी बोटांवर हिशेब केला. "पंचवीस वर्षं," ते म्हणाले, "आणि एक भांडण नाही. आदर्श विवाह."

"कारण आपण कधी एका घरात राहिलो नाही," बायको म्हणाली.

"तेच गमक आहे. वर्गात सांगत जा रे हे," त्यांनी मला बजावलं. मग तिच्याकडे वळून हळूच, "मला सोडून याच्याशी करणार?"

"अजून ठरलं नाही."

ते ऐकून म्हातारा इतका खूश झाला की यंत्र शिट्टी वाजवायला लागलं.

आता कलम अकराप्रमाणे वर्ग. विवाहपूर्व वर्ग मी एकोणीस वर्षं घेतो. त्याची प्रश्नपत्रिका मीच काढलेली. आजवर चारशे जोडप्यांनी ती सोडवली आणि नापास कोणीही झालं नाही. शनिवारी बायकोने मला टेबलाशी बसवलं, पत्रिका पुढे ठेवली, घड्याळ लावलं.

प्रश्न तिसरा : जोडीदाराला कशाची भीती वाटते? मी लिहिलं, पालीची.

तिने लाल पेनाने फुली मारली. "पाल मीच झाडूने हाकलते. वीस वर्षं. तू स्टुलावर असतोस."

"मग कशाची?"

तिने समासात उत्तर लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. 'जेवून घे.'

मला कळायला वेळ लागला. माझा निरोप होता तो. कोणाकडे आजारपण, कोणाकडे भावाभावांत वाद, कोणाच्या मुलाला नोकरी लागली म्हणून उपकारस्तुतीची प्रार्थना. मी निघताना 'दोनच मिनिटांत येतो' म्हणायचो आणि नऊ वाजता कळवायचो, जेवून घे. सहभागिता या विषयावर माझी अकरा प्रवचनं आहेत. त्यातल्या सहांत एकत्र जेवण्याचं महत्त्व आहे.

"नोंदवही चुकलेली नाही," ती म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. "लग्नात तू पाळक म्हणूनच आलास. रुसले तर समुपदेशन केलंस. आजारी पडले तर भेट दिलीस, वीस मिनिटं, शेवटी प्रार्थना. सगळ्यांना देतोस तसंच सगळं मलाही दिलंस, एक कणही कमी नाही. पण तो वराचा रकाना आहे ना, तिथे बसायला कोणी आलंच नाही. मी दुसऱ्यांदा सही करायची तर त्या रकान्यात माणूस हवा."

शंभरपैकी मला एकतीस मिळाले. तीन शुद्धलेखनाचे होते.

त्यानंतर माझी झोप उडाली. हे लग्न मोडू शकतं, हे मला प्रथमच खरं वाटलं. आणि मंडळी तर आनंदाने वेडी झाली होती. पहिल्या रविवारी मीच व्यासपीठावरून माझ्याच लग्नाची सूचना वाचली : "या मंडळीचे पाळक, अविवाहित, वय त्रेपन्न." मागच्या बाकावर हसता हसता कोणाचा तरी चष्मा पडला. कोणाची हरकत असल्यास आताच सांगावी, असं म्हटल्यावर माझ्या सासूबाई काठी टेकत उठल्या.

"माझी तेव्हाही होती," त्या म्हणाल्या. "कोणी ऐकलं नाही." आणि बसल्या. शिक्केबाईंनी ती नोंदवून घेतली.

दुसऱ्या रविवारी थोरल्या पाळकांनी हात वर केला. हरकत नव्हती, पंखा कमी करायचा होता. तरीही टाळ्या पडल्या.

तिसऱ्या रविवारी मी सूचना वाचली, आणि गायकवृंदातून माझी बायको उभी राहिली.

"माझी हरकत आहे."

इतकी शांतता माझ्या कुठल्याही प्रवचनाला मिळालेली नाही.

"वराने अजून मागणी घातलेली नाही," ती म्हणाली.

मी व्यासपीठाच्या दोन्ही कडा धरल्या. घसा साफ केला. "प्रिय बंधुभगि—"

"मी एकटीच आहे," ती म्हणाली.

लोक फुटले. सासूबाईंनी काठी आपटली. मी खाली उतरलो. त्या तीन पायऱ्या मी हजारदा उतरलो असेन, पण हातात कागद नसताना कधीच नाही. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तोंडात मुद्दे यायला लागले, पहिला, दुसरा आणि समारोप. ते सगळे गिळले. मागे उरलं ते एकच वाक्य, आणि तेही अर्धं.

"तू," मी म्हणालो, "जेवून घेऊ नकोस."

मंडळीला काही कळलं नाही. मागून कोणीतरी विचारलं, "उपास धरायचाय का?" पण तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. लग्नाच्या दिवशीही झाला होता. तेव्हा मी नोंदवहीकडे बघत होतो, म्हणून हे मला फोटोवरून माहीत आहे.

"हरकत मागे," ती म्हणाली आणि बसली. शिक्केबाईंनी शिक्का मारला. तो घरून घेऊन आल्या होत्या, म्हणजे त्यांना खात्री होती. मला कोणी सांगितलं नाही.

शनिवारी थोरल्या पाळकांनी लग्न लावलं. चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीने बांधला होता. ते एकेक वाक्य म्हणायचे आणि मी त्यांच्या अर्धा शब्द पुढे पुटपुटायचो. बायकोने कोपर मारलं. "गप्प. आज तुझं काम एकच, 'हो' म्हणायचं." माझी वेळ आली, आणि चारशे नवरदेवांना ज्याने हा शब्द पुरवला त्याला तो आठवेना. मी नुसता तिच्याकडे बघत उभा. शेवटी पहिल्या बाकावरून सासूबाईच ओरडल्या, "हो म्हण रे मेल्या!"

"हो," मी म्हणालो. त्यांनीही मला 'रे' म्हटलं, हे नंतर लक्षात आलं.

नोंदवही आली. पेन हातात घेतलं आणि हात निघाला, सरळ तिसऱ्या रकान्याकडे. तिने मनगट धरलं, गुरुजी पाटीवर धरतात तसं, आणि डावीकडे आणून सोडलं. मी सही केली. रेघा मारल्या नाहीत.

"आता पुन्हा 'अहो' का?" मी विचारलं.

"बघू. पंचवीस वर्षांनी विचार करून सांगते. चल रे, भूक लागलीये."

सभागृहात सगळे पानांवर बसले. पहिला घास हातात घेतला आणि टेबलावरचा माझा फोन वाजला. ती माझ्याकडे बघेना, ताटाकडे बघत राहिली. माझा हात उचलला गेला, अर्ध्यात थांबला. तेवढ्यात थोरल्या पाळकांनी फोन आपल्याकडे ओढला आणि ज्या कानात यंत्र नव्हतं त्याला लावला.

"कोण? हो, हो, झालं लग्न," ते ओरडले. "नाही, माझं मोडलं. पाळक ना? ते जेवतायत."