पायाचं कारण

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि पेनाचं टोक उजव्या खुब्याभोवती फिरवलं.

"हा पाय पडून अधू झालेला नाही. जन्मापासूनचंच आहे हे."

बाइंडर हसला. पुस्तकांना पुठ्ठे चढवण्यात त्याचा जन्म गेला होता आणि लंगडण्याचं कारण तर घरादाराला पाठ होतं.

"नाही हो. आठ महिन्यांचा असताना या ताईच्या हातून पडलो मी."

त्याची फाइल मांडीवर घेऊन बसलेल्या ताईने नेहमीसारखी मान डोलावली. "सहा वर्षांची होते. आवाजसुद्धा आठवतो मला."

"पडले असतील. पण सांध्याची खोबणच मुळात उथळ आहे. हे बघा, डावीकडेही तीच तऱ्हा, जरा कमी इतकंच. दोन्हीकडून तर नाही ना पाडलंत?"

कोणीच हसलं नाही.

बाइंडर फिल्मची डावी बाजू पाहत राहिला. 'तुझ्यापायी' हा शब्द त्याने ताईला किती वेळा ऐकवला होता! लेक झाली तेव्हा ताईच्या हातातून त्याने ती हिसकावून घेतली होती. आणि ताईने चालून आलेलं स्थळ 'याला कोण बघणार?' म्हणून परतवलं, तेव्हा त्याला वाटलं होतं, बरोबरच आहे, फेडू दे.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्याने घसा खाकरला.

"ताई, ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मला काय माहीत गं... मी आपला..."

ताईने फाइल त्याच्या हातात दिली. मग पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून त्याच्या खिशात ठेवलं.

"जेवणानंतर घे. टॅक्सी मिळेल दारातच."

"आणि तू?"

"मी नाही येत."

"म्हणजे? घरी कधी येशील?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. रागावलेली नव्हती ती. पर्स खांद्याला लावून ती वळली.

तो भिंतीला धरून शक्य तितक्या लवकर दारापर्यंत आला. तोवर ती रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर पोचलीही होती. माणसांना मागे टाकत चालली होती.

ताई इतकी भरभर चालते, हे त्याने एकसष्ट वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं.