नऊ कोरडे दिवस

आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात मी बावीस वर्षांपासून परिचर आहे. कुलपं उघडणं, काचसामान धुणं, रोपांना पाणी देणं ही माझी कामं. मुलं मला सिंधूताई म्हणतात. सकाळी साडेसातला हुडकेश्वरहून बस पकडते. त्याआधी आंघोळ, पूजा आणि पोथीचा एक अध्याय झालेला असतो. तुझे उपासाचे वार मोजण्यापेक्षा जेवणाचे मोजलेले बरे, असं आमचे हे म्हणतात. त्यांचं नाव बाबाराव. बोलतात, पण शाबुदाणा स्वतःच भिजत घालून ठेवतात.

धनश्री आमच्याकडे पीएच.डी. करत होती. कुहीकडची, धानाच्या शेतीतली मुलगी. विषय तिनं मला पहिल्याच वर्षी समजावून सांगितला होता. उन्हात एक भाग असा असतो की तो डोळ्याला दिसत नाही. त्याला अतिनील किरण म्हणतात. तो वाढला तर झाडाच्या मुळावर काय परिणाम होतो, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी काळा पडदा लावलेल्या कपाटात खास दिवा बसवला होता. दुपारी चार तास तो आपोआप लागायचा आणि आपोआप विझायचा. दिव्याखाली रोपांच्या तीस उंच नळ्या, आणि शेजारच्या कपाटात, साध्या उजेडात, तशाच तीस. पंचेचाळीस दिवसांनी रोपं काढायची, मुळं धुवायची, मोजायची.

मला एका गोष्टीचं फार नवल वाटे. मूळ तर वाळूत, अंधारात. किरण पडतात पानांवर. तरी आखूड होतं ते मूळ. मी म्हटलं, घरच्या कर्त्या माणसाला बाहेर काही लागलं की जेवण घरातल्यांचं जातं, तसंच झालं हे. धनश्री हसली आणि म्हणाली की हे मी प्रबंधात असंच्या असं लिहिणार आहे.

रोपं तुळशीची होती. ती कधी तुळस म्हणायची नाही. ऑसिमम म्हणायची, नाहीतर सॅम्पल. पण मी बावीस वर्षं काम केलं तरी मला तुळस ती तुळसच दिसते. मुळं धुवायला रोपं उपटायची वेळ आली की मी आधी मनातल्या मनात हात जोडायची. विद्येसाठी आहे, माफ कर, एवढंच म्हणायची.

पहिल्या दोन फेऱ्यांत धनश्रीनं स्वतः पाणी दिलं. मुळं थोडी आखूड निघाली, जगभरच्या पुस्तकांत लिहिली आहेत तेवढीच. तिचे मार्गदर्शक ऋषिकेश सर म्हणाले, ठीक आहे, पण यात नवीन काय? चौथं वर्ष चालू होतं. जानेवारीच्या शेवटी तिला समितीपुढे उभं राहायचं होतं.

तिसरी फेरी कार्तिकात लावली, आणि आठवडाभरात तिच्या आईचा हात मोडला. धानाची कापणी ऐन भरात. तिला घरी जाणं भाग होतं. सर म्हणाले, सिंधूताई आहेत, त्यांचा एक दिवस चुकायचा नाही. रोज सकाळी प्रत्येक नळीत वीस मिली पाणी, आणि भिंतीवरच्या तक्त्यात खूण. एवढंच काम.

आणि माझा एक दिवस चुकला नाही. रविवारी कॉलेज बंद असतं, तरी मी बस पकडून यायची. कुलूप काढायची, दिव्याचं घड्याळ तपासायची, एखादं पान पिवळं पडलं का बघायची, नमस्कार करायची आणि परत जायची. पाणी मात्र द्यायची नाही. रविवारी आणि एकादशीला तुळशीला पाणी घालत नाहीत. एकादशीला तिचाही निर्जळी उपास असतो. हे मला कोणी शिकवलं ते आठवत नाही, श्वास घ्यायला कोणी शिकवलं ते आठवत नाही तसं.

बाबारावांनी एकदा विचारलं होतं, "पाणी द्याचं नाही तर जाऊन काहून राहिली वं? बसचा धक्का खायले?"

मी म्हटलं, लेकराला जेवायला द्यायचं नसलं तरी बघायला तर जातो ना माणूस.

माझ्या मते मी कसर ठेवली नव्हती. आदल्या दिवशी थोडं जास्त घालायची, दुसऱ्या दिवशी दुप्पट. म्हणजे आठवड्याचं पाणी तेवढंच झालं. म्हणून तक्त्यात सगळ्या दिवसांवर खूण केली. तेव्हा त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

नाताळच्या सुट्टीत धनश्री परतली आणि आम्ही दोघींनी मुळं धुतली. पहिली नळी दिव्याखालची होती. वाळू निथळली तसं मूळ खालीच जात राहिलं. तिनं ते आलेख कागदावर ठेवलं, पट्टी लावली, परत लावली. साध्या उजेडातल्या मुळांपेक्षा ही चांगली दीडपट होती. पाचवं रोप मोजून तिनं सरांना फोन केला. सर सुट्टी सोडून आले.

त्यानंतरच्या दिवसांइतकं आनंदात मी धनश्रीला कधी पाहिलं नव्हतं. किरणांनी मुळं आखूड होतात असं सगळे म्हणतात, आणि तुळशीत उलट होतंय. सरांनी एका परिषदेला गोषवारा पाठवला. तिनं कुहीला आईला फोनवर सांगितलं की या वर्षी होते मी डॉक्टर. माझ्यासाठी तिनं राजगिऱ्याचे लाडू आणले, कारण त्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता आणि बुंदीचे मी खाल्ले नसते, हे तिला ठाऊक होतं.

मग एका सकाळी मी मागच्या टेबलावर काचेच्या बशा पुसत होते आणि सर पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत होते. मुळं खोल कधी जातात, हा त्यांचा प्रश्न. कोणी म्हणालं, खत मिळालं की. सर म्हणाले, नाही. "वरची माती सुकली की. तहानलेलं मूळ पाण्याच्या मागे खाली पळतं. आणि नंतर दुप्पट पाणी ओतून उपयोग नाही. वाळू धरून ठेवते तेवढंच धरते, बाकीचं खालून निघून जातं."

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. मला सोमवारच्या सकाळी आठवल्या. दिव्याखालच्या नळ्यांत वरची वाळू पांढरी पडून नळीच्या कडेपासून सुटलेली असायची. दिव्याची ऊब होती ना. शेजारच्या कपाटातली मात्र बोटाला ओली लागायची. त्यात तिन्ही एकादश्या रविवारला चिकटून आल्या होत्या. एक आदल्या दिवशी, दोन दुसऱ्या दिवशी. म्हणजे सलग दोन-दोन दिवस कोरडे. मुळं किरणांनी वाढली नव्हती. पाणी शोधत गेली होती.

मी त्या दिवशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मनाला समजावायचे पुष्कळ रस्ते असतात, आणि देवाचं करणाऱ्या माणसाला जरा जास्तच सापडतात. मला कोणी विचारलंच नाही, मग मी खोटं कुठे बोलले? नेम पाळला, पाप केलं नाही. आणि पोरीचं चांगलं होत असताना मी का मध्ये पडू? पण पोथी वाचायला बसले की ओळ पुढे सरकेना. डोळ्यांपुढे तक्ता यायचा. त्यावर नऊ खुणा अशा दिवसांच्या होत्या की ज्या दिवशी मी पाणी दिलंच नव्हतं, आणि त्या माझ्या हातच्या होत्या.

चौथ्या दिवशी धनश्री समितीसाठी मोठ्या कागदावर मुळांचे फोटो चिकटवत होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि सांगितलं. रविवार, एकादश्या, दुप्पट पाणी, खुणा, पांढरी वाळू, सगळं. माझा आवाज एरवीच बारीक. तिला दोनदा वाकून ऐकावं लागलं.

हातातल्या फोटोवरचा डिंक सुकून गेला. मग तिनं विचारलं, "किती दिवस?"

"नऊ. सहा रविवार, तीन एकादश्या."

"तुम्ही सांगितलं नसतं तर कोणाले कळलं असतं, ताई?"

"कोणालेच नाही."

"मंग काहून सांगितलं?"

मी म्हटलं, "उद्या दुसरं कोणी असाच दिवा लावीन, रोज पाणी देईन अन् मुळं आखूड निघतीन. तो म्हणीन धनश्री खोटी होती. तू खोटी नाही वं. खोटी खूण माही आहे."

तिनं फोटो ठेवला. रागानं म्हणाली, देवाच्या उपासात माझी चार वर्षं गेली. मग डोळे पुसत म्हणाली, माझी मायही रविवारी तुळशीला पाणी नाही घालत. सॅम्पल सॅम्पल करता करता माझ्याच डोक्यातून गेलं. त्यानंतर तिनं कागद गुंडाळला आणि निघून गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी तिच्यासाठी घरून आणलेला डबा टेबलावर ठेवायची, तो तसाच परत यायचा.

सरांना तिनंच सांगितलं. त्यांनी गोषवारा परत घेतला. मला बोलावून एवढंच म्हणाले, सिंधूताई, बावीस वर्षांत तुम्ही एक कप फोडला नाही, आणि फोडलं तर हे. मी मान खाली घालून ऐकलं. ते बरोबरच होतं. समितीपुढे धनश्री उभी राहिली नाही; सहा महिन्यांची मुदत मागून घेतली.

चौथी फेरी लावायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. वाळू चाळताना, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं की या वेळी द्याल ना रोज पाणी. आवाजात कडूपणा नव्हता. तिला माझ्याकडून फक्त हो हवं होतं, आणि हो म्हणणं किती सोपं होतं. माझी चूक होती, तिचं नुकसान होतं. एखादी एकादशी मोडून मी ते फेडू शकले असते, असं कोणालाही वाटेल. मलाही रात्रभर वाटलं होतं.

पण मी स्वतःला ओळखते. मी हो म्हटलं असतं आणि त्या दिवशी माझा हात नळीपाशी जाऊन थबकला असता. थेंबभर घातलं असतं आणि पुन्हा खूण केली असती.

"नाही होणार," मी म्हटलं. "सोमवार ते शनिवार माहे. रविवारी अन् एकादशीले माह्या हातून होणार नाही. हे मी तुले आता सांगून राहिली, मागून नाही."

धनश्रीनं चाळणी थांबवली. मला वाटलं आता ही पुन्हा दोन दिवस गप्प होणार. ती म्हणाली, "पंचांग आणा."

आम्ही दोघी वाळूच्या ढिगाशेजारी पंचांग उघडून बसलो. फेरीतल्या एकादश्या पाहिल्या, रविवार पाहिले. ते दिवस तिनं स्वतःच्या नावावर घेतले. आईचा हात अजून बरा नव्हता, म्हणून कुहीहून पहिल्या बसनं यायचं, पाणी द्यायचं, दुपारच्या बसनं परत जायचं. एका रविवारी तिच्या चुलतभावाचं लग्न होतं. ती हळदीच्या पिवळ्या हातांनी आली आणि पाणी देऊन मांडवात परतली. त्या दिवशी मीही कॉलेजला गेले होते. मी दाराशी उभी राहिले, ती नळ्या भरत गेली.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही मुळं धुतली. दिव्याखालची आखूड निघाली, पहिल्या दोन फेऱ्यांसारखीच, पुस्तकांसारखीच. धनश्री आकडे सांगत गेली आणि मी लिहून घेत गेले. तिसाव्या रोपापर्यंत तिचा आवाज तसाच सपाट होता. मग तिनं ओलं मूळ कागदावर सरळ करत म्हटलं, "आखूड तर आखूड. आता कोणीही मोजा."

तिनं पुढची नळी माझ्याकडे सरकवली. अजून तीस बाकी होत्या.