थांबलेला बाप

सिनेमा बघून कुणी घरी येऊन रडारड करतं का? आमच्या सरावलीत झाली, आणि तीही परक्या मुलखातल्या गोऱ्या माणसांच्या पोटापाण्यावरून.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं तेव्हाची गोष्ट. माझे मालक चंद्रभान तिथं मुकादम. आम्ही मूळचे बीडकडचे, सरावलीला खोली घेऊन राहायचो. शेजारच्या झोपडीत जिव्या आणि पारू, डोंगराकडचं वारली जोडपं. भातकापणी झाली की कामाला यायचं, पेरणीला परत जायचं. दोघंही खडी वाहायची. पारू गुणाची, पण तिला हसताना मी कधी पाहिलं नाही. एक मुलगी होती, बायडी, ती लहानपणीच गेली, एवढंच मला ठाऊक. त्या घरात भाजी जिव्या चिरायचा. पारू विळीला हात लावायची नाही. मी एकदा चेष्टा केली, "मजा आहे बाई तुझी, नवरा आयतं चिरून देतो!" तर उठूनच गेली. मला राग आला. एवढं काय लागायचं त्यात?

त्या रविवारी साहेबांनी खोल्यांमागच्या मैदानात पडदा बांधून मजुरांना सिनेमा दाखवला. सिनेमा इंग्रजी. नवरा-बायको, दोन पोरं, छपराची बैलगाडी, आणि निघालेत कुठं लांब नवी जमीन धरायला. बोलणं एक अक्षर कळेना, म्हणून आमचे मालक मोठ्यानं मराठी करून सांगत होते. त्यांना तरी कुठं कळत होतं म्हणा! पण थाट बघावा.

मी दुष्काळातली बाई, मी काय गप्प बसते? "अगं बया, पाण्याचं पिंप उघडं टाकून भर उन्हात गाडी हाकतात होय? बैलं काय लोखंडाची आहेत?" मग इतर बायकांनाही जोर चढला. खडीवरची हंसा म्हणाली, "खायला दाणा नाय आन् एवढा मोठा आरसा कशाला वाहून नेतेस गं? टाक की!" कुणी म्हणालं, उघड्या रानात एवढा जाळ केला की चोरांना आवतणच. सगळं मैदान हसत होतं. पारू आणि जिव्या तेवढे गप्प बसून बघत होते.

मग त्या लोकांचं पीठ संपलं. बापानं रानातनं कसलेसे कंद उकरून आणले, आईनं ते शिजवले. धाकटी पोरगी भुकेनं भांड्याला झोंबायला लागली. बापानं तिला बाजूला सारलं, आधी स्वतः चार घास खाल्ले आणि भांडं मांडीशी धरून बसून राहिला. मालक म्हणाले, "विषारी निघाला तर आपला आपण मरू, म्हणतोय." पोरगी रडून रडून झोपली. उजाडलं, बाप जिवंत! मग त्यानं लेकीला उठवून हातानं भरवलं. टाळ्या पडल्या. मी पदरानं डोळे पुसले.

"खोटा हाय!"

जिव्या उठून उभा राहिला होता. त्याची सावली पडद्यावर पडली. "खोटा हाय ह्यो बाप! असा कोन बसत नाय!"

"ए, बस खाली!" लोक ओरडले. कुणी शिट्टी मारली. तो बसला नाही, तसाच चालू लागला. पारू त्याच्यामागं गेली.

सिनेमा संपल्यावर आम्ही घरी आलो तर दोघं त्यांच्या दारात बसलेले. माझा जीव कळवळला, पण जीभ कुठली ऐकतेय! चहा टाकला, दोघांना बोलावलं, आणि कप हातात देता देता सुरू झाले. "काय रे जिव्या, चांगल्या सिनेमाचा विचका केलास. बैलांचं खोटं होतं, पाण्याचं खोटं होतं, ते मीही म्हटलं. पण बापाचं काय खोटं? बाप थांबणार नाही तर कोण थांबणार?"

जिव्यानं कप खाली ठेवला. "बाय, दोन दिसाचा उपाशी पोर कधी रडताना आयकलंय तुमी? आपला सोताचा?"

माझी पोरं अर्धपोटी झोपली होती, पण दोन दिवस नाही.

तेवढ्यात पारू बोलली. "थांबतात बाय. आमी नाय का थांबलो? थांबून पन पोर गेली." ती माझ्याकडंच बघत होती, नवऱ्याकडं नाही. "त्या वरसाला पिकला नाय. घरात कायच नव्हता. मी रानातून कडूकांद आनला. त्यो तसा खात नाय, इख असतो. पातळ पातळ चिरायचा, राख टाकून उकडायचा, मग टोपलीत घालून रातभर ओहोळाच्या वाहत्या पान्यात ठेवायचा. सकाळी गोड होतो. मी समदा केला, टोपली पान्यात ठेवली आन् आयशीच्या पाड्यावर नाचनी मागाया गेली. दुसऱ्या दिशी परत आली तवा त्यो खाऊन बायडी गेली होती. माझा हात चुकला, बाय. जाड चिरला मी."

हे देवा! त्या विळीवरून मी चेष्टा केली होती. माझी मलाच शरम वाटली.

"तुजा हात नाय चुकला," जिव्या म्हणाला.

"मंग?"

"मी सांजंलाच काढला."

पारूला आधी कळलंच नाही. "काय काढला?"

"टोपली. तू गेलीस, ती रडायची थांबंना. आयं आयं करून टोपलीकडं बोट दाखवी. मला वाटला, बराच वेळ पान्यात होता, झाला असंल." त्यानं दोन्ही हात कानांवर नेले. "बसवला नाय पारू. मला नाय बसवला."

"तू म्हनालास सकाळी काढला."

"व्हय."

"मी रोज माझ्या हाताला शिव्या घातल्या. तुज्यासमोर घातल्या. आन् तू आयकत बसलास?"

"व्हय."

मला वाटलं आता ही कप फेकून मारते. मारला असता तर मी धरलं नसतं तिला, खरं सांगते. इतका संताप आला होता मला त्या माणसाचा. आणि त्याच्याकडं बघवतही नव्हतं.

पारूनं मारलं नाही. तिनं हळूच विचारलं, "खाताना रडत होती?"

"नाय."

"कडू लागला नाय तिला?"

"लागला असंल. बोलली नाय." जिव्यानं तोंडावरनं हात फिरवला. "आनखी दे म्हनाली."

"दिलास?"

"दिला. मागंल तितका दिला."

पारूनं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "उपाशी नाय गेली मंग," आणि मोठ्यानं रडायला लागली. जिव्या तिच्याजवळ सरकला, पण हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.