दोन खोल्यांची खुर्ची

मी बोलतेय. इकडे, दाराच्या मागे, भिंतीला टेकून ठेवलेली. घडीची लोखंडी खुर्ची. रंग तपकिरी, म्हणजे जिथे अजून उरलाय तिथे. माझ्यावर बसणारे सगळे आपापलं भरपूर बोलून गेले, मी मात्र आजवर तोंड उघडलं नाही. आज बोलावंसं वाटतंय, कारण बऱ्याच दिवसांनी जीव भांड्यात पडलाय.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याची पाठ, पत्र्याची बैठक आणि खाली पाय, एवढाच माझा जीव. तिथून बहिणींबरोबर मी इथे, सरोवराकाठच्या गावात, एका चर्चच्या तळघरात आले. दर शुक्रवारी तिथे तळलेला मासा आणि कोबीची कोशिंबीर असायची. लग्न असो की मयत, लोक आमच्यावर बसून तेच हॅमचं सँडविच खायचे. आणि बसण्याआधी प्रत्येक जण हात मागे नेऊन आम्हाला एकदा चाचपायचा. आम्ही कुठे पळून जाणार होतो कोण जाणे!

एका उन्हाळ्यात गावातल्या व्यावसायिक फुटबॉल संघाला सराव शिबिरासाठी खुर्च्या कमी पडल्या. संघाचं सामानसुमान सांभाळणारा गस ट्रक घेऊन आला. चर्चचं स्वयंपाकघर बघणाऱ्या ईडिथबाईंनी त्याला दारातच अडवलं.

"परत आणून देशील ना रे?"

"म्हणजे काय बाई! हंगाम संपला की लगेच."

"कुठला हंगाम, तेवढं सांगून जा."

गस नुसता हसला. त्यानंतर कितीतरी हंगाम आले नि गेले, मी अजून इथेच आहे.

इथला फुटबॉल म्हणजे पायांपेक्षा हाताखांद्यांचा मामला. आमच्या इमारतीत आक्रमणवाल्यांच्या, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्यांच्या, दोन मोठ्या खोल्या आहेत. एक ढकलणाऱ्यांची. हे सगळे डोंगराएवढे, मैदानात ओळीने उभे राहून समोरच्याला रेटतात, त्यांच्या खोलीत कायम कोंबडीच्या पंखांचा वास. दुसरी झेलणाऱ्यांची. हे सडपातळ, चपळ, लांब पळत जाऊन चेंडू झेलतात, त्यांच्या खोलीत कायम अत्तराचा वास. दोन्ही खोल्यांत प्रत्येकाची मऊ, फिरती, नावाची पट्टी लावलेली खुर्ची असते.

लॉनी प्रुइटची मात्र दोन्हीकडे नव्हती. लॉनी टाइट एंड. ढकलणाऱ्यांच्या ओळीच्या टोकाला उभा राहणारा. कधी त्यांच्याबरोबर रेटायचं, तर कधी तिथूनच सटकून पुढे पळायचं आणि चेंडू झेलायचा. दोन्ही कामं, म्हणून सकाळी एका खोलीत शिकवणी आणि दुपारी दुसऱ्या. पहिल्याच दिवशी त्याने मला कोपऱ्यातून उचललं, घडी घातली, काखेत मारलं आणि निघाला. तेव्हापासून मी त्याच्याबरोबर दोन्ही घरचं पाणी प्यायले.

सकाळी ढकलणारे ओरडायचे, "या या, पाहुणे आले! हात धुऊन आलात ना? क्रीम लावली असेल तर बाहेरच पुसून या!"

दुपारी झेलणारे म्हणायचे, "लॉन्या, जरा बाजूला सरक की. तुझ्यामुळे व्हिडिओचा पडदाच दिसत नाही. अख्खा फ्रिज आणून ठेवल्यासारखं वाटतं."

लॉनी हसायचा, टाळी द्यायचा आणि वहीत डोकं घालायचा. पण मला कळायचं. चिडवायचे मायेनेच, तरी ग्रुप फोटो काढताना दोन्हीकडचे त्याला हाक मारायला विसरायचे. मला याचा राग यायचा. त्याला येत असेल तर त्याने कधी दाखवला नाही.

या वर्षी शिबिर सुरू झालं आणि त्याचं अवघड झालं. संघाने दोन नवे टाइट एंड आणले. एक अ‍ॅशबी. हरणासारखा पळायचा, डोक्यावरून जाणारा चेंडूही एका हाताने ओढायचा. पण कुणाला रेटायची वेळ आली की याचा खांदा दुखायचा. दुसरा हेन्सली. म्हणजे भिंतच. त्याने अडवलेला माणूस उठून आपलं नाव आठवत बसायचा. पण चेंडू त्याच्या हातात टिकेल तर शपथ. मुख्य कोच हॅलरन यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "या जागेला दोघंच ठेवणार. तिसऱ्याने मनाची तयारी ठेवावी." आणि लॉनीचे गुडघे आता जिना उतरताना वाजत होते.

एका दुपारी खोली रिकामी झाल्यावर त्याने घरी फोन लावला. बायको डेनीस आधी बोलली, मग मुलीने फोन ओढून घेतला. मेव्हिस तिचं नाव. बापाची नोकरी अशी, की तिला जवळजवळ दर वर्षी नवं गाव आणि नवी शाळा.

"बाबा, मला इथे मैत्रीण झालीये. तिला सांगू का, की मी राहणारे म्हणून?"

"थोडं थांब ना बाळा."

"कधीपर्यंत?"

"मंगळवारपर्यंत."

"मागच्या गावात पण असंच म्हणाला होतास."

त्याने फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी लोखंडाची असले तरी मला काही वाटत नाही असं समजू नका. तेव्हा फार वाईट वाटलं मला.

मंगळवार म्हणजे छाटणीचा दिवस. आमच्याकडे त्या दिवशी कुणी मोठ्याने बोलत नाही. जेवणाच्या खोलीत सगळे ताटात बघत बसतात. एक माणूस येतो, ज्याचं काम संपलं त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "कोचनी बोलावलंय. टॅबलेट घेऊन ये." टॅबलेटमध्ये संघाचे सगळे डाव असतात, तो परत करायचा म्हणजे खेळ खलास. जो राहिला त्याला मात्र कुणीच काही सांगत नाही. चार वाजेपर्यंत खांद्यावर हात पडला नाही, तर आपण आहोत असं समजायचं.

त्या सकाळी कोचांच्या बैठकीत एक खुर्ची कमी होती. बचावाचा कोच रॉय टिबेट्स याने मला बोळातून ओढत नेलं आणि उलटा, पाठीवर हात टाकून बसला. रॉय म्हातारा, खवीस, सकाळपासून कुणावर तरी ओरडल्याशिवाय त्याला कॉफी पचत नाही.

भिंतीवरच्या फळ्यावर नावं होती. हॅलरन यांनी लॉनीच्या नावाची पट्टी काढून हातात घेतली.

"सोपं आहे," ते म्हणाले. "एक झेलायला, एक रेटायला. दोन्हीकडे निम्मं निम्मं करणारा तिसरा मला कशाला?"

"ठेवू नकोस," रॉय म्हणाला. "मला आनंदच आहे. माझी पोरं सरावात सुखाने झोपतील."

"म्हणजे?"

"म्हणजे अ‍ॅशबी मैदानात आला की मला कळतं, चेंडू फेकणार. मी चपळ पोरं पाठवतो. हेन्सली आला की कळतं, चेंडू घेऊन पळणार. मी दांडगे पाठवतो. हा लॉनी आला की मी नुसता हात चोळत उभा. डोकं उठवलंय त्याने माझं!"

"उगाच फुगवून सांगू नकोस."

"मग दाखव व्हिडिओ."

शिबिराच्या काळात दुसऱ्या संघांशी झालेल्या सामन्यांचे व्हिडिओ लावले. आपलं आक्रमण खेळत असतं तेव्हा रॉय बाकावर आपल्या पोरांना झापत असतो, त्यामुळे यातलं त्याने काहीच पाहिलेलं नव्हतं. हॅलरन चेंडू हलायच्या आधी चित्र थांबवायचे.

"हा अ‍ॅशबी. सांग."

"फेकणार." फेकला.

"हेन्सली."

"पळणार. हे काय विचारणं झालं?" पळाले.

"लॉनी."

रॉय पुढे झुकला. माझे पुढचे पाय उचलले गेले. "पळणार... बघ ना, कसा दबा धरून उभाय. पळणारच." चेंडू फेकला. लॉनीने समोरच्याला एक धक्का दिला, सटकला आणि मोकळ्यात झेलला.

"आणखी एक."

"आता फेकणार. तसाच उभाय बघ मेला." पळाले. लॉनीने टोकाच्या माणसाला गवतात गाडलं होतं.

"पुन्हा लाव!" रॉय ओरडला. पुन्हा चुकला. मग त्याने आपली टोपी काढून जमिनीवर आपटली आणि सगळी खोली हसायला लागली. आक्रमणाचा एक साहाय्यक कोच लॉनीच्या वयाचं काहीतरी बोलायला लागला, तर रॉय त्याच्यावरच घसरला.

"गुडघे माझेही वाजतात रे! पण इतकी वर्षं मी हेच काम करतोय आणि मला ओळखता येत नाही. मग रविवारच्या सामन्यात समोर जो बसेल त्याला काय डोंबल ओळखता येणार?"

हॅलरन उठले, लॉनीची पट्टी परत फळ्यावर लावली आणि हेन्सलीची काढली. चुकल्याबद्दल रॉयइतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. हेन्सलीचं मात्र वाईट वाटलं. पोरगा गुणी होता. टॅबलेट परत करून बाहेर पडला तेव्हा बोळात लॉनी उभा होता. हेन्सलीने त्याला मिठी मारली आणि गेला. दुसऱ्याच आठवड्यात त्याला पश्चिमेकडच्या एका संघाने बोलावून घेतलं असं ऐकलं, तेव्हा मला बरं वाटलं.

पण लॉनीला कोण सांगणार? तशी पद्धतच नाही. हेन्सली गेला तरी त्या जागी बाहेरून कुणाला आणतील, ही धास्ती त्याला होतीच. तो ढकलणाऱ्यांच्या रिकाम्या खोलीत येरझाऱ्या घालत होता. चार वाजून गेले तरी थांबेना. दारात रॉय दिसला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. रॉयने मला आत आणून आदळलं.

"ही घे तुझी पालखी. उद्या सकाळी इथे आणि दुपारी तिकडे. उशीर केलास तर तंगडं तोडीन."

लॉनी त्याच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे कोच, मी..."

"मी काही बोललो नाही. मी खुर्ची पोचवायला आलो होतो." आणि रॉय बोळातून शीळ घालत निघून गेला.

लॉनीने फोन लावला. "डेनीस, मेव्हिसला दे... हो बाळा. सांग तिला." एवढंच कसंबसं बोलला. पलीकडून जी किंकाळी आली ती मलाही ऐकू आली. मग तो बसला.

त्या दिवसापर्यंत मला एक गोष्ट कळली नव्हती. गेल्या हंगामापासून हा माणूस माझ्यावर बसत होता, पण कधी पूर्ण बसलाच नव्हता. निम्मा भार कायम आपल्याच पायांवर, कुणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता यावं म्हणून. त्या दिवशी त्याने पाय लांब सोडले, मान मागे टाकली आणि सगळाच्या सगळा माझ्यावर आला. माझा मागचा पाय कर्रकन वाकला आणि आम्ही दोघंही जमिनीवर. आवाज ऐकून दोन्ही खोल्यांतले धावत आले. बघतात तर लॉनी उताणा, माझ्यावर आडवा पडून पोट धरून हसतोय आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. त्याला उठवायला ढकलणाऱ्यांनी एक हात धरला आणि झेलणाऱ्यांनी दुसरा.

गसने माझा पाय हातोडीने सरळ केला. थोडी डुलते आता, पण चालतंय. लॉनी अजून रोज मला काखेत मारून नेतो आणि रोज पुरता बसतो. जड आहे हो, खरंच जड आहे. पण माझी काही तक्रार नाही.

एक विनंती मात्र करते. तुमच्या घरी, कचेरीत कुणी खुर्चीच्या टोकावर अवघडून बसलेलं दिसलं, तर 'नीट बस की' म्हणून त्याच्यावर खेकसू नका. तो राहणार असेल, तर तसं त्याला तोंडाने सांगून टाका.