साडेपाचचा चेंडू

रिसोलतच्या लोखंडी दारावर पहिला चेंडू बसायचा तो बरोबर साडेपाचला. घड्याळ चुकेल, पण चेंडू कधी चुकायचा नाही. धडाम् झालं की पाठोपाठ चार पोरांची आरोळी, मग पुन्हा धडाम्, आणि मग दहा वाजेपर्यंत खंड नाही.

बिचारी रिसोलत जेमतेम पाचला आडवी झालेली असायची. मार्गिलान शहरातल्या त्या गल्लीला नान पुरवणारी ती. रात्री कणीक मळायची, मध्यरात्रीनंतर तंदूर पेटवायचा आणि पहाटे साडेचारपर्यंत तीनशे नान बाहेर काढायचे. ते जुन्या बाबागाडीत रचून, वर दोन रजया टाकून तिची लेक नोझिमा बाजाराची वाट धरायची. मग हात धुऊन रिसोलत ओसरीवर अंग टाकायची. डोळा लागतो न लागतो तोच शेजारच्या मस्तुरा-खालाचे चार नातू तिच्या झोपेचं खोबरं करायचे.

सुरुवातीला ती चांगुलपणाने सांगायला गेली होती, फडक्यात दोन गरम नान घेऊन.

"मुलंच ती, रिसोलत," मस्तुरा-खाला म्हणाली. नान मात्र तिने ठेवून घेतले. "त्यांच्या आया पाचला कापडगिरणीत जातात, तेव्हा मुलंही उठतात. आणि दहानंतर गल्लीतली माती तव्यासारखी तापते. मग काय भर उन्हात खेळवू?"

"कालव्याकडे पाठवा की!"

"कालव्यात एखादा बुडाला तर तू देशील काढून? आणि एक सांगू? सूर्य उगवल्यावर जो निजतो ना, त्याचं नशीबही निजतं."

"माझं नशीब रात्रभर तंदुरात वाकलेलं असतं, खाला," रिसोलत म्हणाली. "सकाळी चहात बुडवून खाता ना तुम्ही, तेच ते."

तिथून जी ठिणगी पडली ती विझली नाही. मोहल्ल्याच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याने निवाडा केला, आठच्या आधी चेंडू नको. तो निवाडा तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी रिसोलतने चेंडू पकडला, कणीक कापायच्या सुरीने त्याच्या दोन वाट्या केल्या आणि मस्तुराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवल्या. दुसऱ्या दिवशी नवा चेंडू आला, आधीच्यापेक्षा टणक.

मग वाडग्याचं प्रकरण झालं. मस्तुराच्या घरून मुगाची खिचडी आली होती ते वाडगं रिसोलतकडेच पडून होतं. ते तिने रिकामं परत पाठवलं. त्या गल्लीत शेजारणीचं भांडं रिकामं परत जात नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर मीठ घालतात, चार मनुका घालतात. रिकामं वाडगं पाठवणं म्हणजे तोंडावर थुंकणंच.

"तीनशे नान भाजते आणि माझ्या वाडग्यात तुकडा टाकायला हात वर होत नाही!" मस्तुरा भिंतीपलीकडून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. "नवरा उगाच नाही पळाला रशियात!"

हे शेवटचं वाक्य रिसोलतच्या फार वर्मी लागलं. नवरा नऊ वर्षांपूर्वी बांधकामावर गेला तो तिकडेच राहिला, हे खरंच होतं, आणि खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना पाण्यात पाहू लागल्या.

पोरांना याचं सोयरसुतक नव्हतं. चेंडू भिंतीवरून आत पडला की ती दाराची कडी बडवायची, "आपा, चेंडू द्या! आपा, चेंडू!" यावर रिसोलतने एक उपाय काढला होता. नान चिकटू नये म्हणून तंदुरात शिंपडतात ते मिठाचं पाणी सकाळपर्यंत पीठ नि राख पडून करडं होऊन जायचं. ती बादली ती दाराशेजारच्या मातीच्या ओट्यावर ठेवायची. कडी वाजली की ओट्यावर चढायचं आणि भिंतीवरून बादली रिकामी करायची. दोनदा बुन्योद, म्हणजे चौघांतला थोरला, नखशिखांत भिजला होता. बाकीचे तिघे त्याच्याभोवती आनंदाने नाचले होते. रिसोलतला त्या दोन्ही दिवशी छान झोप लागली.

या सगळ्यात नोझिमाची मागणी आडवी आली.

नोझिमाला तेविसावं चालू होतं. तिच्या वयाच्या मुलींच्या कडेवर मुलं होती. बाप परागंदा म्हटल्यावर दोन ठिकाणची बोलणी आधीच फिसकटली होती. आता तिसरं स्थळ आलं होतं, आणि तेही असं की रिसोलतला ते मोठ्याने बोलायची भीती वाटे. मुलगा वीजजोडणीचं काम करणारा, निर्व्यसनी, घर रेशीम रंगवणाऱ्यांचं. मुलाची मावशी इनोयत-आपा पंधरा दिवस रोज बाजारात येऊन, आपण कोण ते न सांगता, नोझिमाकडून नान घेत होती. मुलगी तिच्या मनात भरली होती.

पण मुलगी पसंत पडली म्हणून गाडं पुढे सरकत नाही. आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी होते. घर कसं, आई कशी, भांडखोर आहे का, झाकून ठेवण्यासारखं काही आहे का. शेजारणीच्या एका सुस्काऱ्यावर लग्नं मोडली आहेत तिथे. आणि रिसोलतच्या डाव्या हाताचं घर वर्षभर कुलूपबंद होतं. उजव्या हाताला मस्तुरा.

"आई, महिनाभर तरी खालाशी गोड बोल," नोझिमा म्हणाली होती.

"मी? तिच्याशी? जीभ झडेल माझी."

"माझ्यासाठी, आई."

लेकीसाठी रिसोलत दोनदा गरम नान घेऊन निघाली. दोन्हीदा मस्तुराच्या दारापर्यंत जाऊन, आतला पोरांचा गलका ऐकून, तळपायाची आग मस्तकात घेऊन परतली. दुसऱ्यांदा तर ते नान तिने रस्त्यातल्या गाढवाला घातले.

पाहुण्या रविवारी येतील, असं मध्यस्थ बाईने कळवलं होतं. रिसोलतने शनिवारी दुपारी घर सारवून-पुसून घ्यायचं ठरवलं. पण मुरलेल्या मागणीवाल्या सांगून येत नाहीत. घर बघायचं तर त्याची वेणीफणी व्हायच्या आधी बघावं, असं त्यांचं शास्त्र. त्या शनिवारीच आल्या, सकाळी सहाला.

त्या शनिवारी पाचला रिसोलत आडवी झाली आणि तिला मेल्यासारखी झोप लागली. किती दिवसांनी, देव जाणे. त्या झोपेच्या तळातून तिला कडीचा आवाज आला. खण् खण् खण्.

तिने घड्याळ पाहिलं नाही, हाक कसली ते ऐकलं नाही. डोळेसुद्धा पुरते उघडले नाहीत. पाय आपसूक ओट्यावर चढले, हातांनी बादली उचलली. "घ्या, मेल्यांनो! गाडा स्वतःला!" असं म्हणत तिने सगळी बादली भिंतीपलीकडे उपडी केली.

पोरांची किंकाळी आली नाही. बाईचा आवाज आला, "या अल्ला!"

रिसोलतने दार उघडलं. तीन बायका उभ्या होत्या. दोघी कडेच्या नुसत्या शिंतोड्यांवर सुटल्या होत्या. मधली मात्र इनोयत-आपाच, ठेवणीतल्या रेशमी झग्यात, ठिबकत होती. हातात शुभशकुनाच्या नानांचं गाठोडं होतं, त्यातूनही करडं पाणी गळत होतं. भुवईवर कणकेची एक चिंधी लोंबत होती.

"आपा!" रिसोलतच्या तोंडचं पाणी पळालं. "आपा, माफ करा, पाया पडते. आत या, कपडे बदला. तुमच्यावर कशी टाकेन मी? मला वाटलं, पोरं आहेत!"

इनोयत-आपाने भुवईवरची कणीक काढली आणि बोटावर धरून नीट पाहिली.

"पोरं?"

"हो ना! शेजारची. रोज छळतात मला, झोपू देत नाहीत. पोरं समजून ओतलं हो, शपथ घेते."

"आमच्यावर ओतलंस ती चूक झाली," इनोयत-आपा शांतपणे म्हणाली. "चूक पोटात घालता येते, बाई. पण तू म्हणतेस, हे लेकरांसाठी भरून ठेवलं होतं."

"तसं नव्हे, आपा..."

"आमच्या घरात सात पोरं आहेत. साडेपाचलाच उठतात, आणि गप्प कुणी बसत नाही."

"नोझिमा तशी नाही! तिला विचारा, ती तर मलाच ओरडते यावरून."

"आई बघून मुलगी घ्यावी म्हणतात. म्हणून तर आम्ही एवढ्या सकाळी येतो." तिने ओलं गाठोडं काखेत मारलं. "चला गं."

तिघी गल्लीच्या टोकाला दिसेनाशा होईपर्यंत रिसोलत दारात उभी होती. मग तिला राग आला. रागाला जागा लागते, आणि ती फार लांब नव्हती. ह्या बाया अचानक आज कशा उगवल्या? कोणी सांगितलं त्यांना की ही बाई या वेळी निजलेली असते, आत्ताच जा? कोणी कान भरले? पायात चप्पल नाही, डोक्यावर रुमाल नाही, अशी ती मस्तुराच्या अंगणात घुसली.

"काय सांगितलंत त्यांना?" ती किंचाळली. "सांगा! काय विष ओकलात माझ्या पोरीबद्दल?"

अंगणातल्या बाजेवर चारही पोरं ओळीने बसली होती, तोंडं धुतलेली, केस विंचरलेले, तोंडं मात्र पडलेली. मस्तुरा दाराशेजारी भिंतीला पाठ लावून बसली होती आणि चेंडू तिच्या मांडीवर होता.

"आजी, आता जाऊ का?" बुन्योदने विचारलं.

"गप्प बैस." मस्तुरा रिसोलतकडे वळली. "ओरडू नकोस, कान शाबूत आहेत माझे. काल संध्याकाळी आल्या होत्या त्या. म्हटलं, मुलगी सोनं आहे. आईबद्दल विचारलं. म्हटलं, नवरा सोडून गेला, पण नऊ वर्षांत या बाईने कुणापुढे हात पसरला नाही, सगळी गल्ली तिच्या नानवर उठते. यात खोटं काय आहे?"

रिसोलत तिच्याकडे डोळे फाडून बघत होती.

"अशी बघू नकोस. तू मला मुळीच आवडत नाहीस. रिकामं वाडगं मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण म्हणून काय पोरीचं वाटोळं करू?"

"मग मला सांगितलं का नाहीत, आज येणार म्हणून?"

"त्यांनी अल्लाची आण घातली. आधी सांगायचं नसतं, तुला माहीत नाही का? माझ्या हातात होतं तेवढं केलं. पाचपासून या चार राक्षसांना कोंडून बसलेय. मुतायलासुद्धा एकेकाला बखोट धरून नेलं. म्हटलं, पाहुण्यांसमोर बाईचे डोळे सुजलेले नकोत, एक दिवस निजू दे." मस्तुराने चेंडू खाली ठेवला. "कडी वाजली तेव्हा गल्लीत एक तरी आवाज होता का गं? इथे बसून मला पाण्याचा आवाज आला. आणि मी कपाळावर हात मारला."

नव्हता. एकही आवाज नव्हता. आज चेंडू वाजलाच नव्हता, म्हणून तर झोप लागली होती. रिसोलतला हे आत्ता कळलं आणि ती बाजेच्या खुराला धरून खाली बसली.

"दोन महिने," ती म्हणाली. "दोन महिने झोपू दिलं नाहीत मला. हे आजचं शहाणपण दोन महिन्यांआधी सुचलं असतं तर मी बादली भरली असती का?"

मस्तुराने चेंडू पुन्हा उचलून मांडीवर घेतला.

"ते माझ्या माथी," ती म्हणाली. "ते मी कबूल करते. पण बादली तुझी."

कोणी कुणाला पाणी विचारलं नाही, कोणी कुणाचे डोळे पुसले नाहीत. पोरंही जागची हलली नाहीत. रिसोलत उठली आणि घरी आली.

आठच्या सुमाराला रिकामी बाबागाडी ढकलत नोझिमा आली. तिचा चेहरा लाल झाला होता. बाजारात बातमी तिच्याआधी पोहोचली होती, पण अर्धीच. तीन पाहुण्या गल्लीत आल्या आणि घरात पाऊल न टाकता परत गेल्या, एवढंच तिला कळलं होतं. मधलं तिचं तिने जुळवलं होतं.

"खालाने घात केला ना, आई?" गाडी दारातच सोडून ती म्हणाली. "सगळा बाजार म्हणतोय. काय सांगितलं तिने त्यांना? वाईटच ना?"

हो म्हणणं सोपं होतं. गल्लीतल्या एकीनेही त्यावर शंका घेतली नसती. मस्तुरानेही येऊन खुलासा केला नसता, तेवढा ताठा तिच्यात होता. लेकीने आयुष्यभर शेजारणीला शिव्या घातल्या असत्या आणि रोज रात्री आईच्या जोडीला कणीक मळली असती. रिसोलतने दारातली गाडी आत ओढून घेतली.

"चांगलं सांगितलं तिने," ती म्हणाली. "सगळं चांगलंच सांगितलं."

"मग गेल्या कशाने त्या?"

"माझ्याने," रिसोलत म्हणाली.